मुळशीचं पाणी: लेक की रिझर्व्हॉयर?

मुलांच्या वहीत ‘मुळशी लेक’ असतं, नकाशातही तसंच छापतात. चूक नाही. पण लेक म्हटलं की कुदरती तळं डोळ्यांपुढे येतं, उर्दूतली झील. रिझर्व्हॉयर म्हणजे धरण बांधून वापरासाठी साठवलेलं पाणी. आपल्या मुळशीचं तेच आहे. मुळा नदीवर टाटांचं धरण, आणि पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघराला. गावं, भातखाचरं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध.

आता ‘शिफ्ट’ आणि ‘डिस्प्लेस’ बघा. आपल्या मर्जीनं घर बदललं तर शिफ्ट. जबरदस्तीनं हलावं लागलं तर डिस्प्लेस. निबंधात मुळशीकर ‘शिफ्ट झाले’ असं आलं की मी लाल खूण करते.