नंबर बरोबर, तरी बूट चावतो का? ऑफिससाठी शूज घेण्याआधी एवढं वाचाच

सकाळी आठ-साडेआठला स्वारगेटला उभं राहिलं तर अर्ध्या पुण्याची ऑफिसची घाई दिसते. भोर-साताऱ्याकडच्या एसटीतून उतरलेले लोक, पीएमपीच्या मागे धावणारे लोक आणि 29 सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रोचे जिने उतरणारे लोक. कपडे इस्त्रीचे, बॅग नीटनेटकी. पण जरा पायांकडे बघा. कुणी स्पोर्ट्स शूज घालून निघालंय आणि ऑफिसचे बूट पिशवीत आहेत. कुणी टाचेला बँडेज लावलंय. कुणी उभ्या उभ्याच बुटातून टाच बाहेर काढून घेतंय.

यातल्या बहुतेकांनी बूट 'आपल्या नंबरचाच' घेतलेला असतो. मग तो चावतो का?

नंबर फक्त लांबी सांगतो

आपल्याकडे दुकानात 7, 8, 9 असे जे नंबर चालतात, ते बहुतेक वेळा ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबरात (41, 42, 43) हा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन्ही पद्धतींत मोजली जाते ती लांबी. पाय किती रुंद आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

नेमकी गडबड इथेच होते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यातून दिसलं की भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा जास्त रुंद असतात. त्यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवण्यात आली.

परदेशी साच्यावर बेतलेला बूट आपल्या चवड्याला आवळतो. मग आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. चवड्याला जागा मिळते, पण लांबी वाढल्यामुळे टाच आत-बाहेर सरकते आणि फोड येतो. म्हणजे घट्ट बूट पुढून चावतो आणि मोठा बूट मागून.

मग करायचं काय?

घरी एक कोरा कागद जमिनीवर ठेवा. त्यावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढायला सांगा. दोन्ही पायांची रेघ काढा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. हा कागद दुकानात न्या आणि बूट त्यावर ठेवून पाहा. बुटाचा तळ रेघेच्या आत जात असेल, तर तो बूट कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभर चालून आणि बसून पाय थोडे सुजतात. सकाळी अगदी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी पाचला आवळू शकतो. स्वारगेटहून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई आहे आणि तिथून लक्ष्मी रोडची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ऑफिस सुटल्यावर, रोजचेच मोजे घालून गेलात तर सगळ्यात उत्तम.

दुकानात हे तपासा:

- उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. मोठ्या पायाचं माप धरा.
- बोटं आत हलवता आली पाहिजेत.
- बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल तर तळव्याला आधार मिळणार नाही.
- टाचेची मागची बाजू चिमटीत दाबा. ती कडक हवी, मऊ पडणारी नको.
- गालिच्यावर दोन पावलं टाकून ठरवू नका. फरशीवर चाला, जमलं तर जिना चढून-उतरून पाहा.

'वापरून सैल होईल' हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. चामडं थोडं सैल होतं हे खरं, पण लांबी वाढत नाही. आणि कृत्रिम लेदर तर फारसं ताणतच नाही.

स्मार्ट दिसायचं, तर कोणता प्रकार?

फॉर्मल बुटांत दोन नावं नेहमी ऐकू येतात, ऑक्सफर्ड आणि डर्बी. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फरक नाडीपाशी आहे. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही पट्ट्या वरच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो फार उघडत नाही. डर्बीत त्या पट्ट्या वरून शिवलेल्या असतात, त्यामुळे नाडी सैल करून जागा करता येते. चवडा रुंद किंवा पायाचा वरचा भाग उंच असेल, तर डर्बी जास्त सोयीचा. शर्ट-पँटवर तो तितकाच शोभतो.

लोफर घालायला-काढायला सोपे, पण त्यांना नाडी नसते. पाय धरून ठेवायला फक्त माप असतं, म्हणून ते टाचेला नीट बसले पाहिजेत. टोकदार पुढचा भाग रुंद पायाला त्रास देतो. गोलसर किंवा बदामी आकाराचा बूटही तितकाच व्यवस्थित दिसतो.

महिलांच्या बाबतीत सगळं बरंचसं टाचेवर ठरतं. टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार चवड्यावर सरकतो. रोज बस-मेट्रोचा प्रवास असेल तर दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच किंवा मागे पट्टा असलेला बूट बरा. अगदी सपाट, कागदासारख्या तळाच्या बॅलेरिनाही दिवसभर उभं राहणाऱ्यांना मानवत नाहीत.

पावसाळा आणि कपाटातले बूट

पुण्याच्या पावसात चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो. रोजच्या वापराला खाचा असलेला रबरी तळ बरा. भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली वाळू द्या. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर घामाचा ओलावा सुकायला वेळ मिळतो आणि दोन्ही जास्त टिकतात.

अजून एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. इंटरव्ह्यूसाठी जपून ठेवलेला बूट वर्षा-दोन वर्षांनी काढला आणि चालता चालता तळाचा भुगा झाला, असं होऊ शकतं. पीयू तळ असलेल्या बुटांत हवेतल्या दमटपणामुळे ते साहित्य हळूहळू तुटत जातं. असे बूट न वापरता ठेवण्यापेक्षा अधूनमधून घालणं चांगलं. महत्त्वाच्या दिवसाच्या आठवडाभर आधी ते घालून घरात चालून पाहा.

दुखणं अंगावर काढू नका

सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढल्यासारखं वाटत असेल किंवा भोवरी पुन्हा पुन्हा होत असेल, तर केवळ बूट बदलून भागेलच असं नाही, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्यातल्या काहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे बूट चावला तरी कळत नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळू शकते. रोज रात्री पाय तपासण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी.

बजेट कमी असेल, तर आधी माप आणि तळ बघा, ब्रँड आणि चमक नंतर. नीट बसणारा साधा काळा डर्बी आठवड्यातून एकदा पॉलिश केला आणि तळ झिजल्यावर वेळेत बदलून घेतला, तर ऑफिसात तो महागड्या बुटाच्या शेजारीही कमी दिसत नाही. आणि संध्याकाळी स्वारगेटला बसची वाट बघताना टाच बाहेर काढावी लागत नाही.