वांग्याची सुनावणी

फेब्रुवारी २०१० मध्ये बंगळुरूत चक्क वांग्यावर जनसुनावणी झाली. सात शहरांतली ही शेवटची; नागपूरची आधीच आटोपली होती. वांगं जालन्याच्या महिको कंपनीचं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मरावी म्हणून त्यात जिवाणूचा जनुक घातलेला.

ऑक्टोबर २००९ मध्येच तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला होता. तरीही पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्यापुढे शेतकरी, ग्राहक आणि शास्त्रज्ञ तावातावाने बोलले. शास्त्रज्ञांतही दोन तट होतेच. विरोधकांना अडाणी ठरवणं सोपं होतं. पण सुरक्षिततेच्या चाचण्या मुख्यतः कंपनीनेच केल्या-करवल्या होत्या. परीक्षार्थीच परीक्षक!

९ फेब्रुवारीला रमेश यांनी स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून असं वांगं शेतात आहे.