व्यापारी संघटनेतील रिकामी खुर्ची

व्यापारी संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा अनुभव नवा नसेल. सत्कार समिती, स्नेहसंमेलन समिती, इमारत समिती यांच्या अध्यक्षपदांसाठी नावे भराभर सुचविली जातात. प्रसंगी दोघा-तिघांची समजूत काढावी लागते. मग सचिव विषयपत्रिकेतील पुढची ओळ वाचतात, ‘तंटा निवारण समिती’, आणि सभागृह शांत होते. अखेरीस ‘मागील वर्षीचीच समिती पुढे चालू ठेवावी’ असा ठराव होतो आणि ती समिती वर्षभर कागदावरच राहते.

बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षे घालविल्यावर, निवृत्तीनंतर एका बाजारपेठेतील संघटनेच्या अशाच समितीवर सल्लागार म्हणून बसण्याचा योग मला आला. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, संघटनेतील साऱ्या पदांत सर्वाधिक उपयोगाचे पद हेच होय. ज्याला बाजाराची सेवा करावयाची आहे, त्याने कोणी गळ घालण्याची वाट न पाहता ते स्वतःहून मागून घ्यावे. मात्र मागण्यापूर्वी त्या खुर्चीचे नियम नीट समजून घ्यावेत.

व्यापाऱ्यांनी आपले प्रश्न आपसांत मिटविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत पेठ वसविली जाई, तेव्हा शेटे आणि महाजन हे तिचे वतनदार असत. व्यापारी आणून वसविणे, बाजाराची घडी बसविणे ही त्यांची जबाबदारी. साहजिकच पेठेतील तंट्यांत त्यांच्या शब्दाला वजन असे. पुढे काळ बदलला, वतने गेली आणि नोंदणीकृत संस्था आल्या. मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर स्थापन झाली. १९२७ मध्ये सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. सरकारदरबारी व्यापाऱ्यांचा आवाज पोहोचविणे हे अशा संस्थांचे एक अंग झाले. सभासदासभासदांतील वाद सामोपचाराने मिटविणे हे दुसरे अंग. पहिल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. दुसरे निमूटपणे चालते किंवा निमूटपणे बंद पडते.

ते बंद पडले तर काय होते? चार लाखांच्या येण्यासाठी छोटा व्यापारी न्यायालयाची पायरी चढण्यास कचरतो, कारण वेळ आणि खर्च दोन्ही त्याला परवडत नाहीत. तो बोलणे टाकतो, माल देणे बंद करतो आणि पुढच्या पिढीलाही तेच शिकवून जातो. एकाच गल्लीतील दोन दुकाने वीस वर्षे एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. मूळ रक्कम किती होती, हेही मग कोणाच्या ध्यानात राहत नाही.

तारखांचे भान

या समितीच्या अध्यक्षाला कायद्याची पदवी लागत नाही. पण दिनदर्शिका मात्र जवळ ठेवावी लागते. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षे आहे. उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून, ठरले नसतील तर माल दिल्याच्या तारखेपासून ही मुदत मोजली जाते. समितीपुढे बोलणी चालू आहेत एवढ्याने मुदत थांबत नाही. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे म्हणत सहा महिने गेले आणि त्यातच मुदत संपली, तर चांगल्या हेतूने बसलेल्या समितीनेच घेणेकऱ्याचे नुकसान केले असे होते.

यावर उपाय सोपा आहे आणि बँकेत आम्ही तो नित्य करीत असू. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने ‘अमुक रक्कम मी देणे लागतो’ असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून अर्ज आल्याबरोबर अध्यक्षाने प्रथम बिलाची तारीख पाहावी आणि पहिल्याच बैठकीत मान्य रकमेपुरती लेखी कबुली घ्यावी.

न वटलेल्या धनादेशाच्या बाबतीत तर दिवस मोजावे लागतात. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद करावी लागते. समितीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल, तर अशा अर्जदाराला अध्यक्षाने स्पष्ट सांगावे, ‘बोलणी आपण करू, पण आपली नोटीस वेळेत जाऊ द्या.’ त्यात सलोख्याला बाधा येत नाही.

मान्य किती, वादग्रस्त किती

ओळख पटू नये इतपत तपशील झाकून एक प्रकरण सांगतो. तूरडाळीचे एक ठोक व्यापारी आणि त्यांचे जुने गिऱ्हाईक असलेले किरकोळ दुकानदार यांच्यात सहा लाख वीस हजारांचा वाद होता. दुकानदारांचे म्हणणे, माल ओलसर आला. व्यापाऱ्यांचे म्हणणे, हा पैसे न देण्याचा बहाणा आहे. दोघेही वर्षभर एकमेकांशी बोललेले नव्हते.

अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, ‘सगळाच माल ओलसर होता का?’ उत्तर आले, नाही, शेवटची वीस क्विंटल. त्याची किंमत एक लाख ऐंशी हजार. म्हणजे चार लाख चाळीस हजारांविषयी वाद नव्हताच. रागाच्या भरात ती रक्कमही अडकून पडली होती. त्याच सायंकाळी तेवढ्या रकमेची लेखी कबुली झाली आणि एक लाख दहा हजारांचे चार हप्ते ठरले. उरलेल्या रकमेसाठी डाळीची पारख असलेले दोन व्यापारी, प्रत्येक पक्षाने एक याप्रमाणे, बोलाविले. साठ हजारांची सूट ठरली. तीन बैठकांत प्रकरण मिटले. अध्यक्षांनी कोणालाही उपदेश केला नाही. त्यांनी फक्त वादाची रक्कम आणि मान्य रक्कम वेगळ्या कागदांवर लिहिली.

मृत व्यापाऱ्याची उधारी

दुसरे प्रकरण अधिक नाजूक होते. कापडाचे एक व्यापारी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अकस्मात गेले. त्यांच्या पत्नी कधी दुकानात बसलेल्या नव्हत्या. मुलगा बारावीत होता. उधारीच्या वहीत अकरा जणांकडे मिळून सात लाख रुपये येणे दिसत होते. भेटायला आलेल्यांपैकी काहींनी ‘आम्ही भाऊंना रोखीने दिले होते’ असे सांगितले. खरे कोण, खोटे कोण, त्या माउलीला कसे कळावे? मृताचे येणे वसूल करण्यासाठी वारसांना न्यायालयाचा हुकूमनामा हवा असेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते आणि ते मिळेपर्यंत वेळ जातो.

त्या वर्षी समितीचे अध्यक्षपद हार्डवेअरच्या एका व्यापाऱ्यांनी आपणहून घेतले होते. त्यांनी कोणालाही बोलावणे धाडले नाही. प्रत्येकाच्या खात्याचा उतारा घेऊन ते दुपारच्या निवांत वेळी एकेका दुकानी गेले आणि म्हणाले, ‘पावती असेल तर दाखवा, नसेल तर बाकीवर सही करा, हप्ते आपल्या सोयीने ठरवू.’ दोघांनी खऱ्या पावत्या दाखविल्या. नव्वद हजार रुपये वहीतून रीतसर कमी झाले. आठ जणांनी सव्वापाच लाखांवर सह्या केल्या. एकाने पंच्याऐंशी हजारांविषयी सपशेल नकार दिला. त्याच्यापुरता वकिलांचा सल्ला मुदतीत घेतला गेला. मुलाचे शिक्षण थांबले नाही.

ज्या बाजारात अशी खुर्ची भरलेली असते, तेथे व्यापारी अचानक गेला तरी त्याची वही मुकी होत नाही. घरातील कर्ता पुरुष उद्या नसला तर काय, ही धास्ती प्रत्येक व्यापारी कुटुंबात असते. ती थोडी हलकी करण्याचे सामर्थ्य या पदात आहे.

खुर्चीवरून उठण्याची तयारी

या अध्यक्षाचा सर्वांत मोठा गुण कोणता, असे विचारले तर मी म्हणेन, योग्य वेळी बाजूला होणे. बाजारात सर्वांचे सर्वांशी व्यवहार असतात, नातीही असतात. अर्जदार आपला व्याही असेल, सामनेवाला आपला पुरवठादार असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगून इतिवृत्तात नोंदवावे आणि त्या प्रकरणापुरते उपाध्यक्षांना बसवावे. मनाने कितीही तटस्थ असलो तरी दुसऱ्या पक्षाला तसे वाटले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे एका पक्षाला एकट्याने दुकानात येऊन बाजू मांडू देऊ नये. खुर्ची स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘सहज आलो होतो’ म्हणणारे येऊ लागतात. त्यांना चहा द्यावा आणि बैठकीची तारीख द्यावी. समितीत ऐकलेले बाहेर बोलू नये, घरीही नाही. कोणाची उधारी थकली आहे हे बाजारात फुटले, तर त्या माणसाची पत जाते आणि पत हेच व्यापाऱ्याचे भांडवल असते.

सलोखा आणि लवाद या दोहोंतील भेदही ध्यानी ठेवावा. सलोख्यात पक्ष स्वतः तोडगा मान्य करतात. समिती केवळ वाट दाखविते. लवादात निर्णय लवाद देतो आणि तो बंधनकारक असतो. त्यासाठी १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्यानुसार पक्षांचा लेखी करार लागतो, लवादांची संख्या सम असून चालत नाही आणि लवादाला आपले हितसंबंध लेखी उघड करावे लागतात. असा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. लेखी करार नसताना समितीने निवाड्याच्या थाटात पत्र धाडले, तर त्याला कायद्याचे बळ नसते आणि संघटनेचे मात्र हसे होते. तसेच भावाभावांतील वाटणी, फौजदारी गुन्ह्याचा आरोप, कराच्या खोट्या बिलांचा संशय असे विषय या समितीने हाती घेऊ नयेत. ‘हे आमच्या कक्षेत नाही’ असे नम्रपणे लिहून कळविणे हेही अध्यक्षाचे काम होय.

हात वर करण्यापूर्वी

ज्यांच्या मनात हे पद घेण्याचे येत असेल, त्यांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. महिन्यातील दोन सायंकाळ मी दुकानातून काढू शकतो का? माझे स्वतःचे देणे बाजारात वेळेवर जाते का? जवळच्या माणसाविरुद्ध गेलेली गोष्ट तोंडावर सांगण्याची माझी तयारी आहे का? आणि घरच्यांची संमती आहे का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण नाराज झालेला पक्ष लग्नकार्यात तोंड फिरवितो, ते घरच्यांनाही सोसावे लागते.

चारही उत्तरे होकारार्थी असतील तर संघटनेला आधी तीन गोष्टी मागाव्यात: दोन वर्षांची निश्चित मुदत, इतिवृत्त लिहिणारा एक विश्वासू सहकारी आणि अर्जांची स्वतंत्र नोंदवही. अर्ज कधी आला, बैठक कधी झाली, काय ठरले, हप्ता आला की नाही, एवढे चार रकाने पुरेत. मुदत संपताना ती नोंदवही पुढच्या अध्यक्षाच्या हाती सोपवावी आणि पहिले दोन महिने त्याच्या शेजारी बसावे. चालू हप्त्यांची आठवण नव्या माणसाला त्यामुळेच राहते; आणि समिती एका व्यक्तीची न राहता बाजाराची होते.