नर्तनशाळेतील अंधार

संस्कृत साहित्यशास्त्र ज्याला व्यंग्यार्थ म्हणते, तो हुडकण्याची विद्या मराठी प्रेक्षकाला कोणी शिकविली असे विचाराल, तर मी पहिले नाव कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे घेईन. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना द्रौपदीवर डोळा ठेवणाऱ्या कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन इतका लख्ख दिसला, की अखेर सरकारलाही तो दिसू लागला आणि १९१० साली बंदीचा हुकूम सुटला. मुखवट्याआडचा व्हाइसरॉय ओळखणाऱ्या याच समाजाला पुढे दूरदर्शनवर त्याच कथेतील दुसरा ध्वनी कसा ऐकू आला नाही, याचे मला वऱ्हाडी या नात्याने विशेष कुतूहल वाटते. कारण ही कथा आम्ही आमच्या मुलखाची मानतो.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा म्हणजे मूळचा कीचकदरा. भीमाने कीचकाला तिथल्या दरीत लोटले, भीमकुंडात अंग धुतले, आणि जवळचे वैराट ही विराटाची राजधानी, असे लोक सांगतात. राजस्थानातील बैराटही हाच हक्क सांगते, ते असो. बी. आर. चोप्रांची ९४ भागांची ‘महाभारत’ मालिका (१९८८ ते १९९०) अज्ञातवासाशी आली, तेव्हा अकोल्यातील आमच्या वाड्यात दाखल्यावाचून कोणाचे अडले नाही. “हा तं आपल्या चिखलदऱ्याचाच मामला हाये नं बाप्पा!” शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि वादी-प्रतिवादी ऐकण्यापूर्वीच निकाल लागला.

पडद्यावर गांडीवधारी अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवीत होता. त्या दुसऱ्या ध्वनीच्या शोधात बृहन्नडेला समलिंगी म्हणणे हा घोटाळा होईल. तिचे क्लीबत्व उर्वशीच्या शापाचे, आणि इंद्राने त्याची मुदत एका वर्षावर आणलेली. परंतु कीचकाचा वध महाभारतात घडतो तो नेमका त्याच नर्तनशाळेत. रात्रीच्या अंधारात, शय्येवर सैरंध्री, म्हणजे वेषांतरातील द्रौपदी, आहे अशा समजुतीने कीचक भीमाच्या अंगाला हात लावतो, आपल्या रूपाची प्रौढी मिरवतो, आणि भीम हसून त्याला म्हणतो, की असा स्पर्श तुला पूर्वी कधी घडला नसेल. एक शय्या, दोन पुरुष आणि एक थट्टा. विराटपर्वात हे सारे उघड्यावर मांडलेले आहे, तरी त्यात कर्झन शोधणाऱ्यांनी एवढे मात्र वाचले नाही. मला वाटते, हसू हाच त्याचा परवाना होता, आणि पहाटेपूर्वी कीचक मरणार ही त्याची हमी.

ज्याला मुदत नव्हती, त्याला हा मुलाहिजा लाभला नाही. तमाशापटांत नाच्या रंगविणाऱ्या गणपत पाटलांना, घरी बायकामुले असताना, रंग पुसल्यावरही लोकांनी नाच्याच मानले. विजय तेंडुलकरांनी तर हसण्याची सोयच काढून घेतली. ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील मित्रा एका स्त्रीवर प्रेम करते ते कसल्याही वेषांतरावाचून. आणि त्यांचीच पटकथा असलेल्या ‘उंबरठा’त (१९८२) महिलाश्रमातील दोघींच्या संबंधापुढे स्मिता पाटीलची सुशिक्षित, कनवाळू अधीक्षिकाही गोंधळून जाते.

आमच्या वाड्यातला गोंधळ अधिक शांत होता. बृहन्नडेचे नृत्य सुरू होताच काका उठले आणि अँटेना फिरविण्यासाठी गच्चीवर गेले. चित्र अगदी स्वच्छ दिसत होते. खालून “आता बरोबर आहे” असे कोणी ओरडले नाही, तेव्हा नृत्य संपेपर्यंत ते वरच राहिले.