ध्रुवणरक्षी तंतू कपलर

ध्रुवणरक्षी तंतू कपलर हा प्रकाशीय तंतूंमधील प्रकाशाचे ठरावीक प्रमाणात विभाजन किंवा एकत्रीकरण करणारा आणि तसे करताना प्रकाशाचे रेषीय ध्रुवण टिकवून ठेवणारा घटक आहे. व्यवहारात तो 'पीएम कपलर' या नावाने ओळखला जातो.

पार्श्वभूमी

साधा सिंगल मोड तंतू वाकला, दाबला गेला किंवा त्याचे तापमान बदलले, की त्यातील प्रकाशाचे ध्रुवण बदलते. परस्परांना लंब ध्रुवण असलेल्या दोन किरणांचे व्यतिकरण होत नाही. त्यामुळे व्यतिकरणावर आधारलेल्या उपकरणांत हा बदल थेट मापनातील त्रुटी ठरतो. पांडा प्रकारच्या तंतूत गाभ्याच्या दोन बाजूंस बोरॉनयुक्त काचेचे दांडे असतात. थंड होताना ते भोवतालच्या सिलिकापेक्षा अधिक आकुंचन पावतात व गाभ्यावर कायमचा ताण निर्माण होऊन द्विअपवर्तन घडते. दांड्यांना जोडणाऱ्या दिशेस मंद अक्ष आणि तिच्या लंब दिशेस जलद अक्ष म्हणतात. दोन्ही अक्षांवरील वेग भिन्न असल्याने एका अक्षावरील प्रकाश सहसा दुसऱ्यावर जात नाही.

निर्मिती

दोन तंतूंचे बाह्य लेपन काढून त्यांचे ताण-अक्ष समांतर केले जातात. नंतर ते ज्योतीवर तापवून ताणतात. गाभे निमुळते झाल्यावर प्रकाशाचे क्षेत्र गाभ्याबाहेर पसरते आणि ऊर्जा शेजारच्या तंतूत जाऊ लागते. अपेक्षित विभाजन मिळताच ताणणे थांबवतात.

कार्यमापन

विभाजन गुणोत्तर व हानी: १ मिलिवॅट प्रकाश दिल्यावर दोन मुखांतून ०.४८ व ०.४६ मिलिवॅट मिळाल्यास विभाजन सुमारे ५१:४९ असते. एकूण ०.९४ मिलिवॅट बाहेर पडल्याने अतिरिक्त हानी सुमारे ०.२७ डेसिबेल होते. पहिल्या मुखाची अंतर्वेशन हानी सुमारे ३.१९ डेसिबेल येते. समान विभाजनाच्या आदर्श कपलरमध्येही ती ३.०१ डेसिबेल असते.

ध्रुवण विलोपन गुणोत्तर: इष्ट अक्षावरील शक्ती व लंब अक्षावर गळलेली शक्ती यांचे हे गुणोत्तर होय. २० डेसिबेल म्हणजे १००:१. जोडणीत अक्षांमध्ये १ अंशाचा फरक राहिल्यास हे मूल्य सुमारे ३५ डेसिबेलपर्यंत मर्यादित होते; ५.७ अंशांचा फरक असल्यास ते सुमारे २० डेसिबेलवर येते.

विभाजन गुणोत्तर तरंगलांबीनुसारही बदलते.

उपयोग

१९७६ मध्ये वाली व शॉर्टहिल यांनी तंतू-वलयाच्या व्यतिकरणमापीद्वारे परिभ्रमण मोजता येते हे दाखवले. अशा जायरोस्कोपमध्ये कपलर प्रकाशाचे दोन विरुद्ध दिशांनी जाणारे भाग करतो. लंब अक्षावर गळलेला प्रकाश येथे खोटे परिभ्रमण दर्शवू शकतो.

महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. लायगो शोधकांत मुख्य लेसर किरण निर्वात नळीतून जातो. मात्र अमेरिकेतील शोधकांत भुजांच्या टोकांकडील साहाय्यक लेसरसाठी संदर्भ प्रकाश तंतूतून नेला जातो. तंतूतील ध्रुवणाचे ढळणे अशा ठिकाणी विचारात घ्यावे लागते.

मर्यादा

हा कपलर ध्रुवक नव्हे. अध्रुवित प्रकाशाला तो ध्रुवित करत नाही. प्रकाशाचे ध्रुवण तंतूच्या एखाद्या अक्षाशी जुळलेले असेल तरच ते टिकते. अक्षाशी ४५ अंशांचा कोन केल्यास ध्रुवण तंतूच्या लांबीनुसार बदलत राहते.