हात बधिर होतात? आधी सीट बघा

नगर नाक्यावरून पहाटे निघायचं, दौलताबादचा घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळ गाठायचं, लेण्यांपाशी चहा घेऊन परतायचं. छत्रपती संभाजीनगरच्या सायकलवाल्यांचा हा ठरलेला रविवार, जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. परतीच्या वाटेवर बरेच जण एक हात सोडून झटकताना दिसतात. हाताला मुंग्या आलेल्या असतात.

कोणती बोटं बधिर होतात, ते आधी नीट बघा. करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका असेल, तर अल्नर नर्व्ह दबतेय. ही नस करंगळीच्या बाजूने, मनगटालगतच्या तळहातातून जाते. तिथे तिच्यावर मांसाचं आवरण फार नसतं आणि हँडलचा भार नेमका तिथेच पडतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मीडियन नर्व्ह. मनगट मागे वाकवून बराच वेळ हँडल धरलं की ती दबते.

आता बहुतेक जण लगेच जेलचे ग्लोव्हज आणतात. माझ्या मते ते शेवटी आणावेत. जाड गादी भलत्या जागी आली, तर नसेवरचा दाब उलट वाढतो.

मूळ दुखणं बहुधा सीटचं असतं. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल, तर प्रत्येक पेडलबरोबर शरीर पुढे घसरतं आणि हात त्याला रेटून धरतात. म्हणजे मिनिटामिनिटाला आपण नकळत जोर काढत असतो. सीटवर लेव्हल पट्टी ठेवून ती आडवी करा. सीट फार पुढे असली तरी भार हातांवरच येतो. ॲलन कीने बोल्ट सैल करून ती पाच मिलिमीटर मागे सरकवा, एक फेरी मारा, मग पुढचं ठरवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. हँडल सीटपेक्षा फारच खाली असेल, तर तेही थोडं वर घ्या.

मग टायरातली हवा. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. सिमेंट रस्त्यावर दर जोडाला दणका बसतो. आपल्या वाळूज एमआयडीसीत दुचाकींचे शॉक ॲब्सॉर्बर बनतात, पण साध्या सायकलला टायरातल्या हवेखेरीज दुसरं काही नसतं. १८८७ साली डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तो हे दणके मऊ करायलाच. आपण मात्र दगडासारखी कडक हवा भरतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. ७० किलोच्या माणसाला ३२ मिलिमीटरच्या टायरात ५० ते ६० पीएसआय पुरते. पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून तिथे आणखी थोडी कमी चालते. फारच कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन पंक्चर होते. फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा असेल, तर रुंद टायर घाला. तेवढंच वजन तो कमी हवेत पेलतो.

घाट उतरताना ब्रेकवर बोटं सतत आवळलेली असतात. ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा, म्हणजे हात आणि मनगट एका रेषेत येतील. कोपरं किंचित वाकलेली ठेवा. ताठ हातातून हादरा थेट खांद्यापर्यंत जातो. सपाट रस्ता लागला की पकड बदलत राहा.

एवढं करूनही बधिरपणा दोन-तीन दिवस टिकला, किंवा किल्ली फिरवताना, शर्टाचं बटण लावताना बोटांत जोर वाटेना, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. नस फार काळ दबून राहिली की तिला बरं व्हायला कित्येक आठवडे लागतात.