अर्धा चेहरा अंधारात

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा म्हटली की लोकांना घोडेबाजार आठवतो. मला आठवतो तिथला तंबूतला सिनेमा. सत्तरच्या दशकात आम्ही पोरं दोंडाईच्याहून मामांबरोबर यात्रेला जायचो. तंबूत जुने, ओरखडे पडलेले कृष्णधवल चित्रपट लागत. एका वर्षी 'बाजी' लागला होता. देव आनंदचा मदन हा गरीब वस्तीतला जुगारी. बहिणीला क्षय झालेला, उपचाराला पैसा नाही, म्हणून तो एका क्लबात नोकरी धरतो. क्लबचा मालक अंधारात बसून बोलतो, त्याचा चेहरा दिसत नाही. तिथवर पाहून मामा उठले. म्हणाले, ''चाल रे पोऱ्या, घर जाऊत.'' त्या हंगामातली मिरचीची अख्खी पट्टी त्यांनी मटक्याच्या आकड्यावर घालवली होती, हे मला फार नंतर कळलं.

या जातीच्या चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हणतात. फ्रेंच भाषेत न्वार म्हणजे काळा. महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येणं बंद होतं. १९४६ साली ते एकदम आले, तेव्हा त्यांतला काळोख तिथल्या समीक्षकांच्या डोळ्यांत भरला आणि नीनो फ्रँक यांनी हे नाव वापरलं. त्यातला बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) पाहा. विमा एजंट सुरुवातीलाच खुनाची कबुली देऊन मोकळा होतो! मग उरलं काय? उरतो तो एवढाच प्रश्न, की हा चारचौघांसारखा माणूस इथवर आला कसा? बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचताना आपण निर्धास्त असायचो. इथे ती सोय नाही.

आणि तो उजेड! एरवी चित्रीकरणात एक मुख्य दिवा असतो आणि त्याने पडलेल्या सावल्या पुसायला समोरून दुसरा. हा दुसरा दिवा मंद केला की अर्धा चेहरा काळोखात जातो. दिवे गेल्यावर एका बाजूला कंदील ठेवून बसलेला घरचाच माणूस क्षणभर परका वाटतो ना, तसं. ही विद्या मुख्यतः जर्मन चित्रपटांतली. हिटलरच्या राज्यातून निसटलेले वाइल्डर, फ्रिट्झ लांग यांच्यासारखे दिग्दर्शक ती हॉलिवूडला घेऊन गेले.

आपल्याकडे तिची वाट पुण्यातून जाते. प्रभात कंपनीत गुरुदत्त आणि देव आनंद यांची दोस्ती झाली. देवने चित्रपट काढला तर दिग्दर्शन गुरुदत्तचं, गुरुदत्तने काढला तर नायक देव, असा शब्द ठरला. पहिला शब्द १९५१ साली 'बाजी'ने पाळला, दुसरा १९५६ साली 'सी.आय.डी.'ने. त्यात इन्स्पेक्टरच आरोपी होऊन पळतो. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा, दिग्दर्शन राज खोसला यांचं. याच खोसलांनी पुढे राजा परांजपे यांच्या मराठी 'पाठलाग'वरून (१९६४) 'मेरा साया' केला.

आपल्या चित्रपटांत गाणी असतात, नायकाला शेवटी माफी मिळते, म्हणून काही जाणकार त्यांना अस्सल न्वार मानत नाहीत. मला ते पटत नाही. अमेरिकी नायक बहुधा एकटा असतो. आपल्या नायकाच्या मागे घर असतं, आजारी बहीण असते, आणि तो घसरतो तो बरेचदा त्या घरासाठीच. हंगामाचा पैसा हातात घेऊन बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इतक्या वर्षांनंतरही हे चित्रपट लागले की माणसं खिळून बसतात, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

पुढे घरी टीव्ही आला. एका रात्री 'बाजी' लागला, तेव्हा मामा आमच्याकडेच मुक्कामाला होते. या वेळी ते उठले नाहीत. मदन फाशीतून सुटला, तेव्हा बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, ''सिनेमामा सुटस भाऊ.'' आणि पाणी मागितलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)